नारिंगी केबलच्या आसपास

प्लग-इन हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक नेहमीची १२ व्होल्टची. दिवे, हॉर्न, लॉक आणि गाडीतले छोटे-मोठे संगणक तिच्यावर चालतात. दुसरी मोटर फिरवणारी, चार्जिंगची गन लावून भरायची. टोयोटाच्या २०१७ सालच्या प्रियस प्राइममध्ये या मोठ्या बॅटरीचे ९५ लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत आणि त्यांचा दाब ३५१.५ व्होल्ट होतो. संयुक्त राष्ट्रांचा वाहन-नियम क्रमांक १०० काय किंवा पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेले एआयएस-०३८ हे भारतीय मानक काय, दोन्ही ठिकाणी दाब डीसी ६० व्होल्टच्या किंवा एसी ३० व्होल्टच्या वर गेला की त्याला हाय व्होल्टेज धरतात. अशा केबलींना बाहेरून नारिंगी आवरण असते. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत, मोटरपर्यंत, एसीच्या कॉम्प्रेसरपर्यंत आणि चार्जिंगच्या तोंडामागच्या चार्जरपर्यंत ती नारिंगी वाट जाते. ओल्या हातांनी शरीराचा रोध १००० ओहमच्या आसपास धरला, तर ३५० व्होल्टला ३५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते.

घरातल्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाला इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. घरात न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, म्हणून एका फेजला हात लागला तरी शॉक बसतो. गाडीच्या मोठ्या बॅटरीचे प्लस आणि मायनस ही दोन्ही टोके मात्र बॉडीपासून वेगळी ठेवलेली असतात. एकाच टोकाला हात लागला तर प्रवाहाला परतीची वाट नसते. ही रचना माणसाला वाचवते, पण बिघाडही झाकते. गाडी महिनाभर उभी राहिली, उंदराने एका केबलचे आवरण कुरतडले आणि आतली तार बॉडीला टेकली, तर हात लावून काहीच कळत नाही. आता बॉडी स्वतःच बॅटरीचे एक टोक झालेली असते आणि दुसऱ्या टोकाला झालेला पहिला स्पर्शच घात करतो. म्हणून गाडीचा संगणक बॅटरीची टोके आणि बॉडी यांच्यामधला रोध सतत तपासतो. नियमानुसार डीसी बाजूला तो दर व्होल्टला निदान १०० ओहम हवा, म्हणजे ३५० व्होल्टला ३५,००० ओहम. हायब्रिड सिस्टिमचा इशारा लागला असेल तर आधी नोंदलेला कोड वाचायचा, हात नंतर घालायचा. खिशातला निऑनचा टेस्टर इथे बिनकामाचा, किंबहुना घातक आहे. तो जमिनीच्या आधाराने पेटतो आणि इथे जमिनीशी संबंधच नाही; तो पेटला नाही म्हणून लाईन बंद आहे असे समजणे जिवावर बेतू शकते.

इंजिन शांत आहे म्हणजे गाडी बंद आहे, हा दुसरा गैरसमज. डॅशबोर्डवर ‘रेडी’ असेल तर गाडी जागी असते आणि पेट्रोल इंजिन न सांगता सुरू होऊ शकते. प्लग-इनमध्ये आणखी एक भर पडते: गन लावलेली असेल तर चावी बंद असूनही मोठ्या बॅटरीला बाकी यंत्रणेशी जोडणारे विजेवरचे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, जोडले जातात, ठरवलेल्या वेळी चार्जिंग सुरू होते, काही गाड्यांत मालक घरबसल्या फोनवरून एसीही लावू शकतो. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात गन काढण्यापासून होते. मग गाडी बंद करून स्मार्ट चावी कुलूपबंद डब्यात, गाडीपासून लांब. १२ व्होल्टची बॅटरी मागे असेल तर डिकी आधीच उघडून ठेवावी. वायर काढल्यावर तिचे विजेवरचे लॉक उघडत नाही. मायनसची वायर काढली की कॉन्टॅक्टरला धरून ठेवणारा पुरवठा तुटतो.

त्यानंतर हातमोजे. १००० व्होल्टपर्यंत चालणारे क्लास ० चे रबरी मोजे, त्यांवर चामड्याचे. अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी आधीच उतरवलेली. रबरी मोजा वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी मनगटाकडून गुंडाळत आणतात, म्हणजे बोटांत हवा कोंडते आणि बोटे फुगून ताठ होतात. मग तो कानाजवळ धरून दाबायचा. सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी बारीक सुरसुर ऐकू येते किंवा गालाला वारा लागतो. असा मोजा कापून टाकायचा, परत पेटीत ठेवायचा नाही.

मोजे घालून सर्व्हिस प्लग काढतात. तो बहुतेक गाड्यांत बॅटरीची मालिका मधोमध तोडतो. काही गाड्यांत त्याऐवजी कमी दाबाचा कनेक्टर काढून कॉन्टॅक्टर सोडवावे लागतात. त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका पाहिल्याशिवाय जागा शोधत बसू नये. काढलेला प्लग काम करणाऱ्याच्याच खिशात राहतो. तो बाकावर ठेवला, की दुसरा कोणीतरी चांगल्या हेतूने परत बसवतो.

मग थांबायचे. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर बॅटरी तुटल्यावरही भरलेले असतात. टोयोटाच्या पुस्तिकांत निदान १० मिनिटे सांगितलेली असतात. वर्कशॉपमध्ये सगळ्यांत जास्त घाई या दहा मिनिटांतच होते, कारण गिऱ्हाईक काचेपलीकडे उभे असते. तरीही वेळ पूर्ण होऊ द्यावी.

थांबणे झाले तरी लाईन मेली असे मानता येत नाही; ते मीटरनेच ठरते. कॅट-३, १००० व्होल्टचा मल्टिमीटर आधी १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावतात: १२.६ दिसले, मीटर आणि त्याच्या वायरी ठीक. मग इन्व्हर्टरच्या टोकांवर, प्लस ते मायनस, प्लस ते बॉडी, मायनस ते बॉडी. एक वायर चिमट्याने अडकवून दुसरी एकाच हाताने टेकवतात, म्हणजे दोन्ही हातांमधून छातीवाटे प्रवाहाला वाट राहत नाही. तिन्ही ठिकाणी शून्याच्या जवळ आकडा आला की पुन्हा १२ व्होल्टवर. ही शेवटची फेरी लोक वगळतात. मधल्या मोजणीत मीटरची वायर तुटली किंवा मीटर बिघडला असेल, तर तो शून्य मीटरचा असतो, गाडीचा नव्हे, आणि हे या फेरीतच उघड होते. हे सगळे होईपर्यंत मोजे हातातच, आणि जवळ दुसरा माणूस लांब फायबर दांड्याचा आकडा घेऊन उभा हवा. शॉक बसलेल्याला हाताने ओढायचे नसते.

एवढे करूनही बॅटरीचा डबा जिवंतच राहतो. ३५० व्होल्टची मालिका मधोमध तोडली तर प्रत्येक भागात १७५ राहतात. डबा उघडणे हे वेगळ्या प्रशिक्षणाचे काम आहे.

हाय व्होल्टेजचे प्रशिक्षण नसलेले लोकही या वाटेला रोज लागतात. एसीवाल्याने नेहमीचे पॅग तेल भरले तर ते विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये रोध घटवते. तिथे निर्मात्याने सांगितलेले वीजरोधक तेलच हवे. ॲक्सेसरी बसवणाऱ्याने तळाला ड्रिल मारण्यापूर्वी खालून कोणती केबल जाते ते पाहिलेच पाहिजे. धुणाऱ्याने प्रेशरचा फवारा नारिंगी कनेक्टरवर धरू नये. पेसमेकर असलेल्याने मोटरच्या शक्तिमान चुंबकांपासून लांब राहावे.

अपघातात एअरबॅग उघडली की बहुतेक गाड्या कॉन्टॅक्टर आपोआप तोडतात, पण चिरडलेल्या केबलला किंवा डब्याला तो भरवसा लागू नाही. फसफस, गोडसर वास किंवा धूर जाणवला तर माणसे लांब न्यावीत आणि अग्निशमन दलाला गाडी हायब्रिड असल्याचे आधी सांगावे. लिथियमची आग भरपूर पाणी मागते आणि विझल्यावरही पुन्हा पेटू शकते. धडक बसलेली गाडी म्हणूनच इमारती आणि इतर वाहनांपासून सुमारे १५ मीटर अंतरावर उघड्यावर ठेवतात. अमेरिकेत २०११ मध्ये शेव्हरोले व्होल्टची खांबावर बाजूने धडक-चाचणी झाली, बॅटरीला इजा होऊन कूलंट गळले, आणि आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीने सुमारे तीन आठवड्यांनी पेट घेतला. धडकेनंतर तिची बॅटरी रिकामी केलेली नव्हती.