शिष्यवृत्ती ही भीक नव्हे, हक्क आहे

माजिवड्याची एक आई खाडा करून लेकीच्या कॉलेजच्या खिडकीशी उभी राहते. उत्तर एकच: "स्कॉलरशिप आली नाही, फी भरा."

मायबापहो, मान खाली घालू नका! बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळाल्या.

महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेजकडे अडकला की समाजकल्याण खात्याकडे, ते पाहा. बँकखाते आधारशी जोडा. केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलांच्या खात्यात येतो. त्यातली फी कॉलेजात भरा. दरवर्षी नूतनीकरण करा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. एकटे नको, चौघे मिळून जा. पैशापायी लेकीचे शिक्षण थांबवू नका. जयभीम!