रेसकोर्सनंतरचा घोडा

रेसच्या घोड्याचा लगाम ओढला तर तो थांबत नाही, पळतो. शर्यतीत जॉकी लगाम आखूड धरतो, घोडा तोंडातल्या बिटवर भार टाकतो आणि त्या ताणाच्या आधारावरच सगळं धावणं चालतं. लगाम आवळला, म्हणजे आता सुटायचं, एवढंच त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. शर्यत संपली की जॉकी रिकिबीत उभा राहतो, हात सैल सोडतो, आणि मग घोडा हळूहळू उतरतो. अशा घोड्यावर एखादा हौशी स्वार बसला, घाबरला आणि त्याने जिवाच्या आकांताने लगाम खेचला, तर घोडा आणखी जोरात सुटतो. बघणारे म्हणतात, घोडा बिथरला. घोड्याने बिचाऱ्याने सांगितलेलं ऐकलेलं असतं.

पुण्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक रायडिंग स्कूल आहे. रेसमधून निवृत्त झालेले घोडे तिथे आणून साध्या रपेटीसाठी, उड्यांसाठी, ड्रेसाजसाठी नव्याने तयार करतात. गेला पावसाळा आणि त्यानंतरची थंडी मी तिथे सकाळी जाऊन बसत होते. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. तबेला ज्यांच्या शब्दावर चालतो ते मोतद्दार म्हणजे काका. त्यांचं अर्धं आयुष्य रेसकोर्सवर गेलं आहे, त्यामुळे आलेला घोडा कुठून, काय शिकून आला आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

बाळू मे महिन्यात ट्रकमधून उतरला होता. सहा वर्षांचा, खच्ची केलेला, कुमैत रंगाचा: तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ, गुडघ्याखाली काळे पाय. रेसच्या कार्डावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, काकांनी पहिल्याच दिवशी बाळू करून टाकलं. मुंबईचा हंगाम एप्रिलच्या सुमारास संपतो, पुण्याचा जुलैत सुरू होतो. मधल्या काळात मालक हिशेब करतात, कोणता घोडा ठेवायचा आणि कोणता नाही. बाळूत जिंकण्याइतका वेग उरला नव्हता. पाय मात्र धड होते, आणि निवृत्त घोड्याचं पुढचं सगळं नशीब त्या चार पायांवरच ठरतं.

सहा वर्षं हे घोड्याचं तरुण वय. नीट सांभाळला तर थरोब्रेड पंचवीस वर्षं जगतो. पण या जातीला बालपण फार थोडं मिळतं. आपल्याकडे १ जानेवारी हा सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस धरतात, त्यामुळे उशिरा जन्मलेलं शिंगरू कागदावर आधीच मोठं होतं. दीड-दोन वर्षांच्या शिंगरावर खोगीर चढतं, आणि दोन-तीन वर्षांचं झालं की ते शर्यतीत उतरतं. पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला मात्र साडेपाच-सहा वर्षं लागतात. शरीर घडून तयार होतं त्याच सुमारास नोकरी संपते. मला या सगळ्या व्यवहारातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खुपली.

पहिले दोन-अडीच महिने बाळूच्या पाठीवर कुणी बसलं नाही. काम कधी सुरू होणार, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "ताई, हेच काम आहे. आधी त्याच्या अंगातली रेस उतरू द्या."

रेस उतरते ती खाण्यापासून. रेसच्या तबेल्यात घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो, कधी त्याहूनही जास्त ओट्स आणि खुराक मिळतो. चारा त्या मानाने बेताचा, आणि दिवसातले बावीस-तेवीस तास खोलीत. घोड्याचं पोट मात्र दिवसभर थोडंथोडं चरण्यासाठी घडलेलं आहे. त्यात आम्ल सारखं पाझरत असतं, मग खाणं असो वा नसो. चारा चावताना सुटणारी लाळच ते आम्ल सौम्य करते. चारा कमी आणि धाव जास्त, म्हणून रेसच्या घोड्यांमध्ये पोटातले अल्सर सर्रास सापडतात. खोगिराचा तंग आवळताना चावायला धावणारा घोडा पुष्कळदा द्वाड नसतोच, त्याचं पोट दुखत असतं. मॅडम म्हणूनच अशा घोड्याला शिस्त लावायच्या आधी डॉक्टरांना बोलावतात.

ओट्स एकदम बंदही करता येत नाहीत. आतड्यातल्या जंतूंना नव्या खाण्याची सवय व्हायला आठ-दहा दिवस द्यावे लागतात. घोड्याला उलटी होत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच सरकायला हवं, अडलं की पोटशूळ उठतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. बाळूचा खुराक मूठमूठ कमी होत गेला, गवत आणि लसूणघास वाढत गेली, पुढे रोजचा आठ-दहा किलो सुका चारा त्याच्यासमोर जवळजवळ सतत असायचा. काका सकाळी आल्यावर आधी त्याची लीद बघायचे, मग त्याच्या तोंडाकडे.

खुरांनाही असाच वेळ द्यावा लागतो. शर्यतीसाठी हलके अॅल्युमिनियमचे नाल ठोकतात. खूर पुढे लांबलेला, टाच दबलेली आणि तळवा पातळ, असे पाय घेऊन पुष्कळ घोडे बाहेर पडतात. खूर महिन्याला जेमतेम आठ-दहा मिलिमीटर वाढतो. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवा खूर उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. नालबंद पाच-सहा आठवड्यांनी येई आणि दर वेळी थोडंसंच तासे. पावसात काम दुप्पट. दिवसातून दोन वेळा खूर कोरून कोरडे करायचे, नाहीतर तळव्याला कूज लागते.

मोकळ्या जागेत सोडणं ही सोपी गोष्ट वाटते, पण शिंगरूपण सरल्यापासून जो घोडा मोकळा फिरलेलाच नाही, त्याला कुंपण म्हणजे काय ते आठवत नसतं. तो धावत जाऊन त्यावर आदळूही शकतो. बाळूला आधी खोलीएवढ्याच एका वाड्यात सोडलं, मग जरा मोठ्या, आणि मग एका म्हाताऱ्या घोडीबरोबर पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणाच्या कुरणात. पहिल्या दिवशी त्याने कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारून अंग घामाने निथळवलं. घोडीने मान वर केली नाही, ती चरत राहिली. आठवडाभरात तोही तिच्या शेजारी मान खाली घालून चरू लागला. घोडा कळपातला प्राणी आहे. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे तो माणसापेक्षा दुसऱ्या घोड्याकडून लवकर शिकतो.

पावसाचा जोर ओसरल्यावर खोगीर आलं. इथे मला पहिल्यांदा कळलं की रेसच्या घोड्यावर बसणं आणि इतर घोड्यावर बसणं यात घोड्याच्या दृष्टीने जवळजवळ काहीच सारखं नाही. शर्यतीचं खोगीर पुष्कळदा किलोभरसुद्धा भरत नाही, हे सात-आठ किलोचं. जॉकी आखूड रिकिबींवर, मानेच्या मुळाशी, हवेत तोललेला असतो. त्याचं वजन पाठीच्या मधोमध बसत नाही, पायही कुशींना चिकटत नाहीत. आता एक माणूस पाठीवर चक्क बसतो आणि त्याच्या पोटऱ्या दोन्ही बाजूंनी लागतात. आणि चढणं? रेसकोर्सवर घोडा चालत असतानाच मोतद्दार जॉकीचा पाय धरून त्याला वर फेकतो, क्षणात तो पाठीवर असतो. माउंटिंग ब्लॉकशेजारी, म्हणजे चढण्यासाठीच्या ओट्याशेजारी, शांत उभं राहायचं आणि एका बाजूच्या रिकिबीत कुणीतरी सावकाश वजन टाकेल ते सोसायचं, हे बाळूला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. पाय रिकिबीत गेला की तो चालू लागे.

मॅडमनी त्याला त्या ओट्यापाशी नेऊन फक्त उभं केलं. मूठभर लसूणघास दिली, परत नेलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चढून खोगिरावर हात टेकला, परत नेलं. मग पोटावर आडवं पडून वजन टाकलं, उतरल्या. कितीतरी सकाळी एवढ्यावरच संपल्या. पैसे देऊन लवकर घोडा हवा असलेल्या माणसाला हे बघवणार नाही. मला मात्र त्या सकाळी पुढच्या उड्यांपेक्षा मोलाच्या वाटल्या, कारण पाठीवर वजन आलं तरी धावायची गरज नाही, हे त्याला ओट्याशी कळलं. पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

त्याच दिवसांत लंजिंग सुरू होतं. लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवायचं, आवाजावर चालवायचं आणि थांबवायचं. रेसकोर्सवर वळणं एकाच दिशेची, त्यामुळे बाळू एका हाताला सहज वळे आणि दुसऱ्या हाताला फळीसारखा ताठ, खांदा आत टाकून. अशा अंगाला लहान वर्तुळ दिलं तर सांधे दुखावतात. म्हणून वर्तुळ वीस मीटरचं, वेळ दहा-पंधरा मिनिटं, आणि अवघड बाजू थोडीच. ट्रॉट म्हणजे दुडकी चाल करता करता त्याची मान खाली उतरली आणि नाक फुरफुरलं की मॅडम लगेच थांबवायच्या. "श्वास सोडला त्याने. आजचं झालं."

लगामाचं काम सगळ्यात लांबलं. मॅडम पाठीवर बसून चालीतच लगाम लांब सोडायच्या. बाळू बिट शोधायचा, ओढ लावायचा, पण पलीकडे ओढणारं कुणी नसायचं. भार टाकायला हातच मिळेना तेव्हा तो गोंधळून मान वर करी, जलद होई. त्या वेगाला लगामाने उत्तर द्यायचं नाही, हीच स्वाराची परीक्षा. मॅडम मांड खोल करून बसायच्या, श्वास सोडायच्या, कंबर त्याच्या चालीबरोबर हलवायचं थांबवायच्या, घोडा वर्तुळावर घ्यायच्या आणि वाट बघायच्या. क्षणभर जरी हळू झाला तरी हात पुढे जाऊन मानेवर थाप. असं होता होता एका सकाळी त्यांनी नुसती पाठ ताठ केली आणि बाळू थांबला. लगाम मानेवर लोंबत होता. काका रिंगणाबाहेरून म्हणाले, "समजलं त्याला," आणि पुढच्या घोड्याला खरारा करायला निघून गेले.

कँटर मुद्दाम शेवटी ठेवतात. चौखूर पळताना घोड्याचा श्वास झेपेला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. त्या लयीत शिरलेल्या शरीराला जुनी रेस आठवायला वेळ लागत नाही. त्यातून शेजारून दुसरा घोडा पुढे गेला तर पाहायलाच नको. रायडिंग स्कूलमध्ये मागून कुणी येतंय, कुणी पुढे जातंय, हे रोजचंच. बाळूला आधी एकटा, मग दोन घोड्यांमध्ये, मग चौघांमध्ये कँटर करवला, आणि दुसरा पुढे गेला की याने चालीत यायचं, हे पुन्हा पुन्हा केलं. जमिनीवर सव्वा मीटरच्या अंतराने टाकलेल्या काठ्या त्याला मनापासून आवडल्या. पाय कुठे पडतो ते बघत, कान पुढे करून तो त्यांवरून जातो. उडीचा घोडा होईल, असं मॅडमना त्यावरून वाटतं. पण अजून त्याच्यावर मुलांना बसवत नाहीत आणि वर्षभर तरी बसवणार नाहीत. रेसमधून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतो म्हणून नवशिक्याला देणारे लोक आहेत. मला तो दोघांवरचाही अन्याय वाटतो.

हे सगळं खर्चिक आहे. वर्षभर चारा, नाल, डॉक्टर, मोतद्दाराचा पगार, आणि शेवटी घोडा कामाला येईलच याची खात्री नाही. आपल्याकडे या घोड्यांना कधीकाळी एक वेगळीच वाट होती. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम बनवण्यासाठी दिले जात, आणि तिथूनच सुचलेल्या कल्पनेतून १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज काही घोडे पोलोत जातात, काही रायडिंग क्लबांत, काही माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांना फिरवतात. ब्रिटनमध्ये रेसिंगच्या जगाने २००० साली या कामासाठी स्वतःची धर्मादाय संस्था काढली. अमेरिकेत २०१० पासून एक संस्था हेच करते आणि केंटकीत अशा नव्याने शिकवलेल्या घोड्यांची स्पर्धा भरवते. हाँगकाँगला तर घोड्यांची पैदासच होत नाही, सगळे बाहेरून येतात, तिथला जॉकी क्लब निवृत्त घोड्यांना शिकवून आपल्या रायडिंग स्कूलांत वापरतो. मी पाहिलं त्या तबेल्यात मात्र सगळा भार एका बाईच्या फीच्या हिशेबावर आणि काकांच्या पाठीवर आहे. घोडा विकत घेतानाच त्याच्या निवृत्तीचे थोडे पैसे मालकाने बाजूला टाकावेत आणि बक्षिसाच्या रकमेतला लहानसा वाटा त्यात यावा, असं मला ठामपणे वाटतं. पहिल्या शर्यतीला घोडा उतरतो तेव्हाच त्याची शेवटची शर्यत कधी असेल याचा अंदाज सगळ्यांना असतो.

पुण्याचा हंगाम संपल्यावर आणखी दोन घोड्यांसाठी मॅडमना फोन आले. एकाच्या पाठीचे दोन मणके एकमेकांना घासतात, त्याला त्यांनी स्वारीसाठी नाही म्हटलं, पण म्हाताऱ्या घोडीला सोबत म्हणून तो चालेल का, याचा विचार चालू आहे. दुसरी चार वर्षांची घोडी आहे. तिच्या पुढच्या उजव्या पायाच्या टेंडनची सोनोग्राफी व्हायची आहे. काकांनी तिच्यासाठी बाळूच्या शेजारची खोली आधीच धुऊन ठेवली आहे.