हशाखाली दडलेला आवाज

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वाटेत नरडाणा लागतं. तालुका शिंदखेडा, सुरत-जळगाव रेल्वेमार्गावरचं स्टेशन, शेजारी एमआयडीसी. समजा, २०१४ च्या सप्टेंबरात एखाद्या रात्री या गावातलं घरन् घर झी मराठीवरचं ‘चला हवा येऊ द्या’ लावून पोट धरून हसलं असतं, तर टीआरपीत किती भर पडली असती?

शून्य!

टीव्ही कोण बघतंय याची मोजदाद तेव्हा ‘टॅम’ ही संस्था करायची आणि तिची यंत्रं शहरी घरांत बसवलेली असत. दर आठवड्याच्या आकड्यांत खेडी नव्हतीच. गंमत बघा, निलेश साबळे, भाऊ कदम, श्रेया बुगडे ही या कार्यक्रमातली मंडळी ज्या थुकरटवाडीत सिनेमांचं आणि सेलिब्रिटींचं विडंबन करत होती, ते एक गावच. पण हिशेबात खरं गाव एकही नाही. २०१५ मध्ये ‘बार्क’ या दुसऱ्या संस्थेचे आकडे येऊ लागले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण भारत मोजला जाऊ लागला.

मोजतात तरी कसं? वाहिनीचा कार्यक्रम उपग्रहाकडे जाण्याआधीच त्याच्या आवाजात एक सांकेतिक खूण मिसळलेली असते. मोठ्या आवाजाच्या आडोशाला, त्याच्या जवळपासच्या वारंवारतेचा बारीक आवाज आपल्या कानाला जाणवत नाही. कानाच्या याच मर्यादेचा फायदा घेऊन ही खूण लपवतात. म्हणजे भाऊ कदमांच्या एन्ट्रीला प्रेक्षक खदखदून हसतात, तेव्हा त्या हशाखालीच वाहिनीची ओळख गुपचूप आपल्या घरात शिरते. आपल्याला ती ऐकू येत नाही, टीव्हीजवळच्या मीटरला मात्र येते. घरातल्या प्रत्येकाने समोर बसताना रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं, म्हणजे आजी बघतेय की नातू तेही कळतं. मीटर कोणत्या घरात आहे, हे मात्र गुपित ठेवलेलं असतं.

मीटर असलेली अशी घरं २०२५ मध्ये देशभरात सुमारे ५८,००० होती. बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार टीव्ही असलेली घरं २१ कोटी. म्हणजे साधारण ३,६०० घरांच्या वतीने एक घर बोलतं! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आणि ती खोटी नाही: भात नीट ढवळलेला असेल, तर पातेलं केवढं याला फारसं महत्त्व नसतं, शितं किती तपासली याला असतं.

अडचण येते ती देशाचा आकडा सोडून एका भाषेच्या, एका वाहिनीच्या, एका रात्रीच्या आकड्याकडे आलं की. उदाहरणादाखल मीटर असलेली २,००० घरं धरा. शंभरातलं एक घर एखादा कार्यक्रम बघत असेल, तर नमुन्यात अशी वीसच घरं यायला हवीत. पण निव्वळ योगायोगाने ती कधी बारा भरतील, कधी अठ्ठावीस. बाहेरचा एकही प्रेक्षक कमी-जास्त न होता कागदावर ०.६ टक्के दिसेल किंवा १.४! म्हणून जाणकार एका आठवड्याच्या आकड्यावर भिस्त ठेवत नाहीत, चार-सहा आठवड्यांचा कल बघतात.

आणखी एक खुबी म्हणजे हिशेब मिनिटांचा असतो. चार जणांनी पाव-पाव भाग पाहिला काय किंवा एकाने अख्खा पाहिला काय, रेटिंग सारखंच. प्रहसनांचा कार्यक्रम तर तुकड्यातुकड्यांनीच बघायचा. आवडतं स्किट आलं की थांबायचं, संपलं की पुढे. मालिकेला ‘उद्या काय होणार’ची ओढ असते, विडंबनाला ती नसते.  आणि त्याच स्किटची क्लिप सकाळी बसमध्ये मोबाइलवर कितीही लोकांनी पाहिली, तरी टीव्हीच्या टीआरपीत ती धरली जात नाही.

लोकांचा लाडका कार्यक्रम आकड्यांत मागे पडतो, तो असा. मीटर फक्त हजेरी घेतं. हसलात की डुलकी काढलीत, त्याला सारखंच. ‘चला हवा येऊ द्या’बद्दलही ‘टीआरपी घसरला, आता गाशा गुंडाळणार’ अशा बातम्या येत राहिल्या आणि २०२४ च्या मार्चमध्ये, दशकपूर्तीला काही महिने उरले असताना तो थांबला. २०२५ च्या जुलैत नव्या रूपात परतलाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘टीआरपी घसरला’ असं वाचलं, तर नरडाण्यात बसूनही तीन प्रश्न विचारता येतील: किती घरांतून मोजलं? किती आठवडे मोजलं? आणि मोबाइलवर हसणारे कुठे धरले? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर तो आकडा मानावा. नाही मिळाली, तर कार्यक्रम नावडता झाला असं त्या आकड्यावरून म्हणता येत नाही.