पिन कोड कुठे गेला?

मंडळी, पीएचपीत दोन ॲरे जोडायचे दोन मार्ग आहेत, आणि ते सारखे नाहीत. एका ॲरेत 440001 या कीखाली नागपूर ठेवा, दुसऱ्यात 411001 खाली पुणे. ॲरे-मर्ज केलंत की गावं राहतात, पिन कोड जातात: नागपूर शून्यावर, पुणे एकावर! हे फंक्शन आकडी कीला नाव मानतच नाही, रांगेतली जागा मानतं. अवतरणचिन्हांत लिहूनही सुटका नाही. पीएचपी तिचा गुपचूप पूर्णांक करतं. (पिन कोड ही संख्या नव्हेच, आकड्यांत लिहिलेलं नाव आहे. पण यंत्राला कोण सांगणार?) अधिक चिन्ह वापरा, की टिकतात. मात्र तीच की दोन्हीकडे असेल तर डावीकडची नोंद राहते, उजवीकडची मुकाट्यानं गळते. शब्दांच्या की असल्या तर ॲरे-मर्जमध्ये उलट होतं: नंतर आलेली नोंद आधीची पुसते.