टाळू काळी पडण्याआधी

वरची दाढ ठणकते म्हणून मधुमेही माणूस दंतवैद्याकडे येतो. दाढेला कीड नाही, तरी शेजारचे दोन-तीन दात हलू लागलेत. त्याच बाजूचा गाल बधिर, नाकही चोंदलेलं. अशा वेळी दात काढण्याआधी त्याची शुगर तपासली पाहिजे आणि नाकात दुर्बीण घालून पाहायला हवं. दुखणं दाताच्या मुळाशी असलेल्या हाडाचं असू शकतं.

त्यामागे म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार असू शकतो. हा शब्द महाराष्ट्राला २०२१च्या उन्हाळ्यात पाठ झाला. करोनातून उठलेल्या कित्येकांना, त्यातही मधुमेहींना, या आजाराने गाठलं. ऑक्सिजनवरच्या रुग्णांना स्टेरॉइडनी जगवलं खरं, पण स्टेरॉइडनीच साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. 'काळी बुरशी' हे नाव तेव्हा घरोघरी पोचलं. माझ्या मते त्या नावाने नुकसानच केलं, कारण लोक काळा डाग शोधत बसले. ही बुरशी मुळात काळी नाही. ती रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे रक्त गोठतं, पुढचा भाग उपाशी मरतो आणि मग काळा पडतो. टाळूवर काळा चट्टा दिसेपर्यंत बराच वेळ हातचा गेलेला असतो.

तिचं नेहमीचं रूप तर आपल्या ओळखीचं आहे. शिळ्या पावावर करडी लव धरते, ती बहुधा याच गटातल्या रायझोपस बुरशीची. तिचे बीजाणू आपण रोज श्वासातून आत घेतो आणि पांढऱ्या पेशी ते निस्तरतात. साखर फार काळ चढी राहिली की या पेशी मंदावतात. त्यातून रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी झालं, की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं. या बुरशीला नेमकं तेच हवं असतं. नाकातून ती गालाच्या हाडातल्या पोकळीत उतरते. त्या पोकळीच्या तळाशीच वरच्या दाढांची मुळं असतात. पुढे डोळा आणि मेंदूही फार लांब नाहीत.

तोंडातली प्रत्येक बुरशी मात्र एवढी भयंकर नसते. दह्यासारखे पांढरे, पुसले जाणारे डाग बहुतेकदा कँडिडा या बुरशीचे असतात. साखर आटोक्यात आणली, औषध लावलं आणि रात्री कवळी काढून स्वच्छ ठेवली, की ते सहसा बरे होतात.

म्युकरमायकोसिसवर अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक इंजेक्शन द्यावं लागतं. २०२१मध्ये त्याच इंजेक्शनसाठी नातेवाईक या दुकानातून त्या दुकानात धावत होते. ते मूत्रपिंडाला जड जातं, पोटॅशियम उतरवतं, म्हणून रक्त वारंवार तपासावं लागतं. शिवाय जिथे रक्तच पोचत नाही तिथे औषध कसं पोचणार? मेलेलं हाड काढावंच लागतं, कधी अर्धा वरचा जबडा. मग टाळूला भोक राहतं. प्यालेलं पाणी नाकातून येतं आणि बोललेलं घरच्यांनाही कळत नाही. जखम भरत आली की दंतवैद्य मापं घेऊन कवळीसारखी तबकडी बनवतात. ती नीट बसली, की कपभर चहा पुन्हा घशाखाली उतरतो.