आजोबांचा रेडिओ, माझा राउटर आणि भंगारातलं फेराइट

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी. माझे 'अं... म्हणजे' तेवढे कापलेत.

गेल्या वर्षी सासवडला आजोबांकडे राहून काम करायचं ठरलं, म्हणून तिथे वाय-फाय बसवलं. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं, की आजोबा सकाळी ७:०५ च्या प्रादेशिक बातम्या ऐकायला रेडिओ घेऊन ओट्यावर बसतात. भर थंडीत, कानटोपी घालून. विचारलं तर म्हणाले, "आत नुसती घरघर येते रे. तुझं काम चालतंय ना, मग राहू दे." मला जाम लाजल्यासारखं झालं.

घरघर येते कुठून? राउटरचा अ‍ॅडॉप्टर २३० व्होल्टचा एसी आधी डीसी करतो आणि मग तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. हा वेग समजा ६६ किलोहर्ट्झ आहे. पण अशा खटाखट स्विचिंगमधून त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीही निघतात: १३२, १९८, असं करत बारावी येते बरोबर ७९२ वर. आणि आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर लागतं ७९२ किलोहर्ट्झलाच! त्यात अ‍ॅडॉप्टरची लांब वायर आयती अँटेना बनते. फायबरचा दोष नाही, ती बिचारी काच आहे.

आधी चोर पकडा. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावा, आवाज वाढवा आणि घरातल्या एकेका वस्तूचा प्लग काढत जा. आमच्याकडे दोन सापडले: राउटरचा अ‍ॅडॉप्टर आणि स्वयंपाकघरातला एक स्वस्त एलईडी बल्ब.

आता फेराइट. जुन्या व्हीजीए केबलच्या टोकाला जो काळा गठ्ठा असतो ना, त्यात हेच असतं. लोहाच्या ऑक्साइडची, काळी, भाजलेल्या मातीसारखी ठिसूळ वस्तू. त्यातून वायरची जोडी एकत्र गेली, की जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात, त्यामुळे राउटरच्या पॉवरला काही होत नाही. पण कचरा दोन्ही तारांवरून एकाच दिशेने धावतो. त्याचं क्षेत्र खोडलं जात नाही, आणि फेराइट नेमकं त्यालाच अडवतं.

मी उत्साहात व्हीजीएचा गठ्ठा फोडून फेराइट काढलं, वायरवर चढवलं. फरक? शून्य. एक क्षण वाटलं, हे सगळं थोतांड आहे. मग आकडे पाहिले. ते गठ्ठे मुख्यतः ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या कामासाठी असतात. मीडियम वेव्ह त्याच्या कितीतरी खाली, तिथे एका फेरीत जेमतेम अडथळा मिळतो. पण वेढे वाढवले की अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ७ वेढे, तर साधारण ४९ पट! गठ्ठ्याच्या भोकात एवढे वेढे मावेनात, म्हणून मोठी रिंग हवी होती.

ती भंगारवाल्याकडे मिळाली. जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या वेटोळ्यांची जी कॉलर असते, तिच्यात फेराइटची रिंग असते. आधीच सुटी काढलेलीच घ्या. टीव्ही स्वतः उघडू नका, बंद असला तरी आत जीवघेणा चार्ज राहू शकतो. आणखी एक, कम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग बहुधा लोखंडाच्या भुकटीची असते, ती इथे उपयोगाची नाही. मी आधी तीच आणली होती, सांगायला काय जातंय.

अ‍ॅडॉप्टरच्या अगदी जवळ, बारीक वायरचे ७ वेढे घेतले. दुसऱ्या रिंगमधून एक्स्टेंशन बोर्डची अख्खी जाड वायर तीनदा फिरवली. प्लग काढून, इन्सुलेशन न सोलता. रिंगचे दोन अर्धे भाग असतात, ते घट्ट चिकटवा. मधे फट राहिली तर परिणाम घटतो.

घरघर पूर्ण गेली नाही, पण निवेदकाचा शब्द न् शब्द कळायला लागला. उरलेलं काम रेडिओ थोडा फिरवून झालं. त्याच्या आतली अँटेनाही फेराइटच्याच दांडीवर गुंडाळलेली असते, आणि दांडीचं टोक आवाजाच्या उगमाकडे केलं की तो बराच कमी पकडला जातो.

बल्बला मात्र वायरच नाही, वेढे घेणार कशाला? तो बदलायचा राहिलाय. तोवर ७ वाजले की आजोबा स्वतः उठून तो बंद करतात आणि आजी अंधारात चहा गाळत पुटपुटते.