मेंदू-प्रतिमांकन प्रयोगांतील चाचण्यांचे कालनियोजन आणि संकेतशोधन

प्रस्तावना :
कार्यात्मक चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन, अर्थात 'एफएमआरआय', हे मानसशास्त्रीय संशोधनाचे एक महत्त्वाचे साधन आहे. सेजी ओगावा व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये रक्तातील प्राणवायूच्या पातळीनुसार बदलणाऱ्या 'बोल्ड' संकेताचे वर्णन केले. त्यावर आधारित मानवी मेंदूचे पहिले अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगातील चाचण्या किती अंतराने घेतल्या, यावर संकेताचे शोधन कसे अवलंबून असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मंद प्रतिसादाची अडचण :
चेतापेशी काही मिलिसेकंदांत प्रतिसाद देतात; रक्तप्रवाहातील बदल मात्र संथ असतो. उद्दीपकानंतर बोल्ड संकेत साधारणतः ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो, नंतर मूळ पातळीखाली उतरतो आणि पूर्ववत होण्यास २० सेकंद किंवा अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे दोन चाचण्यांत १५ सेकंदांचे अंतर ठेवल्यास प्रतिसाद बऱ्याच अंशी सुटे दिसतात. परंतु १० मिनिटांत केवळ ४० चाचण्या होतात. हेच अंतर ठरावीक ४ सेकंद केल्यास चाचण्या १५० होतील. तथापि प्रतिसाद एकमेकांवर चढून त्यांची बेरीज जवळजवळ सपाट होते. प्रतिसाद असूनही चढउतार नसल्याने तो मूळ पातळीपासून वेगळा काढता येत नाही.

अनियमित अंतराचा उपाय :
असे एकमेकांवर चढलेले प्रतिसाद स्थूलमानाने सरळ बेरजेच्या नियमाने एकत्र येतात, म्हणून ते गणिताने विलग करता येतात, हे अँडर्स डेल व रँडी बकनर यांनी १९९७ मध्ये दाखविले. त्यासाठी अंतर कधी २, कधी ४, कधी ८ सेकंद असे बदलते ठेवावे लागते किंवा मध्ये उद्दीपकरहित चाचण्या पेराव्या लागतात. अशा रचनेची कार्यक्षमता ठरावीक अंतराच्या रचनेपेक्षा दहापटीहूनही अधिक असू शकते, असे डेल यांनी १९९९ मध्ये मांडले. शिवाय पुढील उद्दीपक केव्हा येणार याचा अंदाज सहभागी व्यक्तीस बांधता येत नाही.

शोधन की आकारमापन ?
एकाच प्रकारच्या चाचण्या १५ ते २० सेकंदांच्या गटात घेतल्यास संकेत शोधण्याची शक्ती सर्वाधिक मिळते. मात्र प्रतिसादाचा आकार नीट कळत नाही. यादृच्छिक रचनेत याच्या उलट घडते. गट फार लांबविल्यास संकेत यंत्राच्या संथ विचलनात मिसळतो. म्हणून संशोधनाचा प्रश्न प्रथम निश्चित करून मगच रचना निवडणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :
'अमुक भागात सक्रियता आढळली नाही' या विधानाचा अर्थ तेथे सक्रियता नव्हतीच, असा होत नाही. सदोष कालनियोजनामुळेही ती निसटू शकते. म्हणून असे शोधनिबंध अभ्यासताना व विद्यार्थ्यांना शिकविताना निष्कर्षापूर्वी चाचण्यांमधील अंतर तपासणे अगत्याचे आहे.